फ्लेक्सवरचे अकरा जण

कळंब्यातल्या आमच्या कॉलनीच्या पडीक जागेत सगळ्यांनी मिळून भाजी लावायचं ठरलं. वाफ्यांच्या आधी फ्लेक्स लागला. त्यावर आम्ही अकरा जण, हात जोडून.

तिथं रोज म्हशी चारणारा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून एकेक चेहरा न्याहाळत राहिला. मग म्हणाला, "पावणं, ह्यातलं कोण पाणी घालणार हाय?"

आम्ही हसलो आणि वाफे करून मेथी पेरली. दुसऱ्या दिवसापासून वाफे तुडवले जाऊ नयेत म्हणून त्यानं म्हशी लांबच्या वाटेनं न्यायला सुरुवात केली. आम्ही मात्र पुन्हा तिकडं फिरकलोच नाही. मेथी वाळली, वाऱ्यानं फ्लेक्सही पडला.

परवा पावसात त्याचा गोठा दिसला. छपरावर आम्ही अकरा जण, हात जोडून.

म्हातारा म्हणाला, "पाणी घालाय जमलं न्हाय तुमास्नी, पर अडवताय झकास की!"