एरियल न काढता घेतलेलं माप

राज्यपुनर्रचनेत मध्य भारत राज्य मिटायला चार दिवस उरले होते आणि माझ्या डोक्याची नुसती भट्टी झाली होती. उज्जैनच्या सरकारी वायरलेस केंद्रात मी एकटाच ऑपरेटर. रिसीव्हरवर सकाळपासून खरखर, संदेश ऐकू येईना. आणि इंदूरचे साहेब फोनवर ओरडत होते, "फाइली नव्या राजधानीत, भोपाळला जायच्या आधी कारण शोध, नाहीतर तुझं तू बघ!"

कारण मला माहीतच होतं की! गल्लीच्या टोकाला एका विधवा काकूंची पिठाची चक्की होती. मोटर ठिणग्या टाकते, त्यांचा आवाज सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरतो, हे कुणीही सांगेल. गोंगाट मोजायचं खोकं खांद्याला अडकवून मी तरातरा तिकडे गेलो.

मोजायचा नियम असा, की आधी एरियल काढून खोक्याचा स्वतःचा गोंगाट लिहून घ्यायचा, मग एरियल लावून आलेल्या आकड्यातून तो वजा करायचा. पण एवढा धीर कुणाला होता? मी डायल फिरवत गेलो, जिथे बघावं तिथे सुई वर. तोच आकडा लिहून घेतला. पिठाने माखलेल्या काकू मोटरकडे वळून म्हणाल्या, "भैया, बंद करून दाखवू का?"

"काही गरज नाही. दिसतंय मला सगळं," मी खेकसलो. आजही तो माझा आवाज आठवला की अंगावर काटा येतो.

दुसऱ्याच दिवशी माझ्या रिपोर्टवर बिजलीघराच्या माणसाने चक्कीची तार काढली. खरखर तशीच! तीन दिवस मी रिसीव्हर उघडत होतो, लावत होतो, जेवण गोड लागेना. शेवटी वैतागून टेबलावरचं ते खोकंच बंद केलं. गरम व्हायला वेळ लागतो म्हणून मी ते दिवसभर चालू ठेवायचो. रिसीव्हर एकदम गप्प, संदेश खणखणीत. अरे देवा! ठिणग्या खोक्याच्याच पोटात उडत होत्या. एरियल काढून खोकं पुन्हा चालू करून पाहिलं. चक्कीपाशी लिहिलेला आकडा आणि हा आकडा एकच होता.

साहेब म्हणाले, "आता कशाला उकरतोस? सामान भरलंय." तरी मी चूक कबूल करून चक्कीची तार परत जोडायला सांगणारं पत्र लिहिलं, सही केली आणि बिजलीघर गाठलं. पण तोवर राज्य मिटलं होतं. बाबूने पत्र धड वाचलंही नाही. "कौनसा दफ़्तर? मध्य भारत तो परसों खतम हो गया. भोपाल से लिखवा के लाओ." भोपाळात आमच्या खात्याला अजून टेबल-खुर्चीही मिळाली नव्हती.

तसाच काकूंकडे गेलो. गिऱ्हाइकं दुसऱ्या चक्कीकडे वळली होती, दारात एकही डबा नव्हता. मी काही न लपवता सगळं सांगितलं आणि चार शिव्या ऐकायच्या तयारीने उभा राहिलो. त्यांनी पत्र हातात घेतलं, खालची सही बघितली.

"तोडायला एवढी सही पुरली ना, भैया? मग जोडायला का पुरत नाही?"