पद्मजामावशी चौकशी करतात

"फोटो मी काढला नाही, रेणू. फोटो शेरिफच्या माणसानं काढला."

"आणि पाठवला कोणी, मावशी? शेरिफनं?"

"रवींद्ररावांनी विचारलं होतं. कोणी विचारलं तर सांगावं लागतं."

"विचारलं एकट्या रवींद्रकाकांनी. आता तो मंडळाच्या ग्रुपवर आहे. दोनशे चाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर."

"पुढे मी नाही पाठवला."

"हो ना. तुम्ही नुसती काडी लावलीत."

पद्मजामावशी मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली, आणि मग रेणूला ती दिसू नये असं वाटून कागदाखाली सरकवली. म्हणाल्या, "मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. काय चूक सांगून राहिली तू मला?"

"तेच तर," रेणू म्हणाली. "खोटं असतं तर खोडता आलं असतं."

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये मराठी घरात मुलगी द्यायची, बेसमेंट भाड्यानं द्यायचं किंवा बाळाला सांभाळायला बाई ठेवायची म्हटलं, की आधी पद्मजामावशींना फोन जातो. गावाकडे चार घरी चहा पिऊन माणसाची माहिती काढता येते. इथं शेजारच्याचं आडनाव कळायला दोन वर्षं लागतात. म्हणून चहा पिण्याचं हे काम मावशी लॅपटॉपवर करतात. नागपूरला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकला देण्याच्या खिडकीवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. सातबारा, फेरफार, जन्माची नोंद, जे मागाल त्याची शिक्का मारलेली नक्कल. निवृत्त होऊन मुलाकडे, यतीनकडे आल्या तेव्हा त्यांना पहिले सहा महिने या देशात खिडकीच सापडेना. मग यतीनच्या भाडेकरूच्या निमित्तानं कळलं, की इथं कोणाला अटक झाली तर ते कोणालाही बघता येतं. नाव, वय, उंची, कलम, आणि भिंतीला पाठ लावून काढलेला फोटो. अर्ज नको, तिकीट नको, साहेबांची सही नको. मावशींना आधी ते अशोभनीय वाटलं. मग सोयीचं वाटलं.

त्यांचा भाडेकरू दोन चोऱ्यांमध्ये सापडलेला निघाला आणि त्यांचं नाव झालं. लांबच्या एडिसन गावाहूनसुद्धा फोन यायला लागले. काउंट्यांचं, म्हणजे इथल्या जिल्ह्यांचं, सगळं त्यांना पाठ झालं. मोठ्या काउंटीचं पान नीट असतं, नाव टाकलं की येतं. खेड्यातल्या काउंटीचं पान म्हणजे आज जेलमध्ये कोण कोण आहे त्याची नुसती यादी, माणूस सुटला की उडाली. पण अशा पानांवरून फोटो उचलून साठवणाऱ्या खाजगी साइट असतात, तिथं मात्र काही उडत नाही. मावशी दोन्हीकडे बघत आणि शेवटी कोर्टाच्या नोंदीतही बघत, कारण अटक म्हणजे गुन्हा नव्हे हे त्या स्वतःच लोकांना सांगत. ऐकीव गोष्ट त्या कधी पुढे देत नसत. कागद असेल तर बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

रवींद्ररावांच्या मुलीचं, शिवांगीचं रेणूच्या भावाशी, अनीशशी जमलं होतं. दोघांनी आपलं आपण जमवलेलं. महिनाअखेरीला साखरपुडा, हॉल ठरलेला. रवींद्ररावांनी फक्त मनाचं समाधान म्हणून मावशींना फोन केला. अर्ध्या तासात मावशींना अशाच एका खाजगी साइटवर अनीश सापडला. चार वर्षांपूर्वीचा, समुद्राकडे जाताना दोन तासांवर लागते त्या काउंटीतला. विस्कटलेले केस, गालावर ओरखडा, डोळे कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. खाली कलम: पोलीस अधिकाऱ्याच्या कामात अडथळा.

झालं होतं ते इतकंच. अनीश देशातून येऊन पाच महिने झालेले. मागून निळे-लाल दिवे लागले, त्यानं गाडी कडेला घेतली, आणि आपल्याकडे करतात तसं कागदपत्रं हातात घेऊन खाली उतरून साहेबाकडे चालायला लागला. आपल्याकडे काच खाली करून बसून राहणं म्हणजे माज. इथं खाली उतरणं म्हणजे अंगावर येणं. तो अधिकारी ओरडला की गाडीत बस. अनीशला वाटलं, हा चिडलाय, जवळ जाऊन नीट सांगावं. म्हणून तो आणखी चार पावलं पुढे गेला. ओरखडा रस्त्याच्या खडीचा होता.

तीन महिन्यांनी केस काढून टाकली गेली. वकील हुशार होता, त्यानं आणखी एक अर्ज करून कोर्टातली नोंदच पुसून घेतली. आता कायद्याच्या लेखी ती अटक झालीच नव्हती. तसा हुकूम आला, त्याची प्रत जपून ठेवा असं वकिलानं बजावलं. त्या उन्हाळ्यात अनीशची आई आली होती. असला कागद घरात नको म्हणून तिनं त्याचे तुकडे केले आणि दोन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकले.

मावशींनी कोर्टाच्या नोंदीत शोधलं तेव्हा तिथं काहीच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत नोंद सापडली नाही याचे त्यांना दोनच अर्थ माहीत होते: वाळवीनं खाल्ली किंवा कोणीतरी गहाळ केली. नोंद सन्मानानं पुसली जाते, तीही कोर्टाच्या हुकमानं, हे त्यांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी रवींद्ररावांना फोटो पाठवला आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, "कोर्टात पुढे काय झालं ते सापडत नाही."

रवींद्ररावांनी तो मेहुण्याला दाखवला, मेहुण्यानं बायकोला. शुक्रवारी तो मंडळाच्या ग्रुपवर होता. रवींद्ररावांनी अनीशची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, रविवारपर्यंत कोर्टाचा कागद आणा, केस निकाली निघाली असा. नाहीतर थांबू या.

वकील निवृत्त होऊन कुठे गेला ते कळेना. म्हणूनच रेणू भांडायला आली होती आणि भांडून झाल्यावर म्हणाली, "कागद कसे काढतात ते तुम्हाला कळतं. उद्या माझ्याबरोबर चला."

गुरुवारी त्या दोघी निघाल्या. दोन तास रेणू ड्राइव्ह करत होती. सोयाबीनची शेतं, चर्च, डिझेलचा पंप, परत चर्च. मावशींनी एकदा थर्मासमधला चहा पुढे केला, तो रेणूनं घेतला नाही. काउंटीचं कोर्ट विटांचं, एकमजली, समोर गवत. आत काचेची खिडकी होती आणि खिडकीमागे मावशींच्याच वयाची, गळ्यात चष्मा अडकवलेली बाई. मावशींना पाच वर्षांत पहिल्यांदा कुणाशी कसं बोलावं ते बरोबर कळलं. त्यांनी नाव, जन्मतारीख, अंदाजे महिना सगळं एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं.

बाईनं शोधलं. या नावानं काही नाही, म्हणाली. मावशींनी रेणूकरवी विचारलं, की होतं आणि काढलं असं तरी लिहून द्याल का. बाई हळू आवाजात म्हणाली, की होतं असं मी म्हणू शकत नाही, नव्हतं असंही नाही. माझ्याकडे नाही, एवढंच. खरा सौजन्याचा आवाज होता तिचा. मावशी ओळखून होत्या, त्या स्वतः त्याच आवाजात हजारो माणसांना परत पाठवत आल्या होत्या.

शेवटी नोंद आढळत नाही असा एक दाखला मिळाला, शिक्का मारलेला. परतीच्या वाटेवर मावशी तो मांडीवर सपाट धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, शिक्का आहे, चालेल. रेणू म्हणाली, बघू.

रविवारी रवींद्ररावांनी दोघींना सोफ्यावर बसवलं, चहा दिला. शिवांगी वरच्या खोलीत होती, खाली आली नाही. रवींद्ररावांनी दाखला दोनदा वाचला. मग फोन काढून त्यावरचा फोटो दाखल्याशेजारी ठेवला.

"पद्मजाताई, इकडे माणूस दिसतोय. इकडे कोर्ट म्हणतं, असं कोणी नाहीच. दोन्ही खरं कसं?"

मावशींनी समजावलं. नोंद पुसतात, कायदा आहे, केस काढून टाकल्यावरच पुसतात.

"म्हणजे पुसता येतं," रवींद्रराव म्हणाले. "मग अजून काय काय पुसलं असेल, ते मला कोण सांगणार?"

"मुलगा साधा आहे, रवींद्रराव. खाली उतरला इतकंच. आपण कोणीही उतरलो असतो."

"असेल. पण हे ऐकीव झालं. ऐकीवावर जाऊ नका, हे तुम्हीच सांगता सगळ्यांना." त्यांनी दाखल्याची घडी घालून तो अदबीनं परत दिला. हॉल त्यांनी फोटो ग्रुपवर आला त्या शुक्रवारीच कॅन्सल केला होता, हे निघताना दारात कळलं.

सोमवारी संध्याकाळी अनीश मावशींकडे आला. रेणूनं पाठवलं असावं, किंवा दाखला न्यायला आला असावा. मावशींनी त्याला प्रथमच प्रत्यक्ष पाहिलं. फोटोत वाटतो त्यापेक्षा बुटका, आणि ऑफिसचा बॅज गळ्यात तसाच. बसला नाही. खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, लंचला हल्ली तो गाडीतच जेवतो. ऑफिसातली सहा माणसं त्या ग्रुपवर आहेत. कोणी काही बोलत नाही. सगळे फार चांगलं वागतात.

मावशी म्हणाल्या, "मी ग्रुपवर लिहिते. चूक माझी होती, माझ्या नावानिशी लिहिते."

"काय लिहाल?"

"की अनीशवर केस नाही. सगळं निकाली निघालंय."

"ज्यांनी बघितला नाही ते वर जाऊन बघतील, मावशी. कुठला अनीश, कुठला फोटो." तो शांतपणे बोलत होता. "अर्ध्या लोकांनी अजून तो उघडला नसेल. तुम्ही लिहिलंत की उघडतील."

मावशींनी मग साइटवाल्यांना लिहिते म्हटलं. त्यानं सांगितलं की त्यानं लिहिलंय, चारदा. एका साइटवरून काढला तर दुसऱ्या दोन साइटवर आला. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. मावशींनी तो हात लांब करून मिटला.

"शिवांगीशी बोललास?"

"फोन उचलते," अनीश म्हणाला. "रडते. मग बाबा आले म्हणते."

बाहेर यतीनची गाडी आत येण्याचा आवाज झाला. मावशी उठल्या, दाखला अनीशच्या हातात द्यायला पुढे केला, तो त्यानं घेतला नाही, म्हणून तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"तर मग मी काय करू, बाळा? तू सांगशील ते करते. सांग."

अनीशनं त्यांच्याकडे बघितलं. गळ्यातला बॅज शर्टाच्या आत सरकवला, दार उघडलं आणि आत येणाऱ्या यतीनला वाट देऊन निघून गेला.