दंडावर नंबर घालणारे आबा

समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेच्या समितीने आमच्या आबांना फसवलं. सत्कार करून फसवलं.

मालवणच्या किनाऱ्यावर स्पर्धेच्या सकाळी पोहणाऱ्याने आधी आबांच्या टेबलापाशी जायचं, ही कित्येक वर्षांची रीत. आधारकार्ड आणि डॉक्टरचा दाखला शेजारच्या टेबलावरचे बघत. जन्मभर किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलेले आबा माणूस बघत. काळ्या मार्करने दंडावर नंबर घालून झाला तरी दंड सोडत नसत. "सकाळी काय खाल्लंस? कोणाबरोबर इलंस?" उत्तर देणाऱ्याचा श्वास, ओठ, डोळे बघून झाले की मग सोडत. "भायर इल्यार हो नंबर माका दाखवचो. त्याशिवाय घराक जावचा नाय."

एकदा कुडाळचा एकजण खडकांपलीकडे बाहेर पडला आणि तिथूनच रिक्षाने घरी गेला. आबांनी शोधायला दोन होड्या सोडल्या. दुपार कलली तरी ते वाळूत उभेच. शेवटी बाप त्याला मोटारसायकलवर घेऊन आला. आबांनी दंड बघितला, एक शिवी हासडली आणि मगच पाणी प्यायले.

मी मासळीच्या लिलावात उभी राहिले की भलेभले भाव उतरवतात. आबांपुढे मात्र हरले. एका वर्षी स्पर्धेत उतरणाऱ्या माझ्या मुलीच्या अंगात ताप होता आणि तो मी लपवला होता. त्यांनी दंड धरला आणि मार्कर खाली ठेवला.

"चेडवाक ताप आसा. आज नाय."

"गोळी दिलंय, आबा. तासात उतरतलो."

"मगे तासान ये."

"तासान स्पर्धा संपतली! फी भरलंय मी!"

"समुद्राक भरलंस?"

रांग हसली. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोलले. आबांनी रांगेतल्या पुढच्याचा दंड धरला. संध्याकाळी पोर तापाने फणफणली. माफी मागणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी आबांकडे दोन ताजे सरंगे मासे पाठवले. एक त्यांनी ठेवून घेतला, एक परत आला.

यंदा समितीने आबांना प्रमुख पाहुणे केलं. नवा सदरा घालून आले बिचारे. शाल घेतली, मंचावरच्या सोफ्यावर बसले, तेव्हा त्यांना खाली आपलं टेबल दिसलं. तिथे मशीन होतं. मनगटाला पट्टा बांधायचा, मशीनला टेकवायचा, की चालला पोहायला. आबा उठले. दोन कार्यकर्त्यांनी हसतहसत त्यांना परत बसवलं, "पाहुण्यांनी बसायचं असतं, आबा." मी मंचावर चढून भांडले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, वेळ वाचतो." मी आणखी आवाज चढवला. आबाच म्हणाले, "रवांदे गो. तेंका घाई आसा."

त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर एकच प्रश्न, "सगळी इली मां गो परत?"

"इली, आबा," मी म्हणाले. मला काहीच ठाऊक नव्हतं. आठ दिवसांनी ते गेले.

अध्यक्षसाहेब, मशीनने छापलेला नोंदींचा कागद मला दाखवू नका. त्या सकाळी पाण्यातून बाहेर आलेल्या पोरांच्या तोंडाकडे तुमच्यापैकी कोणी बघितलं, त्या माणसाचं नाव सांगा. किनाऱ्यावर येऊन, सगळ्यांसमोर सांगा.