न विटणारी पाटी

पुंडलिक हा आमच्या गावातला सगळ्यात सावध माणूस होता, हे आधी सांगून ठेवतो. कारण पुढचं ऐकून कुणी त्याला बावळट म्हणेल आणि ते मला खपणार नाही. त्याला शिव्या घालायचा हक्क आमचा, गावाचा.

आमचं गाव धरमतर खाडीच्या काठी, पेणहून सायकलने यावं इतक्या अंतरावर. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधाबाहेर खारं पाणी, आत भातशेती आणि एक गोड्या पाण्याचं तळं. पावसात भरलेलं ते तळं पुढच्या पावसापर्यंत अख्ख्या गावाची तहान भागवायचं. नळ नव्हता आणि विहिरी सगळ्या मचूळ. बांध आहे तोवर तळं, तळं आहे तोवर गाव. म्हणून दर अमावास्या-पौर्णिमेला, उधाण चढायच्या आधी, घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर फेरी मारायचा. खेकडे मातीत बिळं करतात, ती चिखल ठासून बुजवायची. या फेरीत सगळ्यात पुढे पुंडलिक. "आज बोट जातं हाय, उद्या हात जाईल, परवा होडी जाईल," म्हणायचा आणि बुजवलेल्या बिळावर दोनदा टाच आपटायचा.

त्याचं घर बांधाच्या पार टोकाला. तिथे त्याने चार खोल्या बांधून मुंबईकरांना जेवू-राहू घालायचा धंदा काढला होता. त्याची बायको काशीबाई खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण असं करायची की बोटं चाटत माणूस पुढच्या वेळी चार पाहुणे घेऊन यायचा. थंडीत पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. त्या वासाला खाडीपलीकडची कुत्रीही भुंकायची.

पुंडलिकचा पुतण्या निकेश रोह्याला कंपनीत होता, राहायला तिथे जवळच वरसे गावात. सत्त्याण्णव साली त्याने मुंबईतल्या मित्राकडून काकाच्या धंद्याची वेबसाइट करून घेतली. पेणच्या कॉम्प्युटर क्लासात नेऊन दाखवली. पुंडलिक चपला बाहेर काढून आत गेला. काचेवर स्वतःचं घर दिसलं तेव्हा तो इतका हरखला की क्लासातल्या मुलींना बोलावून काशीबाईची चूल कुठे आहे ते दाखवू लागला. घराचा फोटो, जिताडा, पोपटी आणि खाली रस्ता: बांधावरून सरळ या, गाडी थेट दारापर्यंत येते. तेव्हा ते खरंच होतं.

"काका, हे मधनंमधनं बघून बदलायला लागंल," निकेश म्हणाला.

"कशाला? घर तेच, मी तोच, काकी पण तीच. तुला काकी बदलायची हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडे दुकानाची पाटी एकदा रंगवली की ती उन्हाने विटेपर्यंत तीच. पण विटलेली पाटी बघून गिऱ्हाईक ओळखतं की ही जुनी झाली, आत विचारून घ्यावं. कॉम्प्युटरवरची पाटी विटत नाही. दोन वर्षांपूर्वी खरं असलेलं, आज खोटं ठरलेलंही तिथे काल रंगवल्यासारखं झळकतं, आणि घात होतो तो इथेच. खेकड्याच्या बिळाला जपणाऱ्या पुंडलिकला हे बीळ दिसलं नाही.

आधी गंमतच झाली. भर मे महिन्यात एक कुटुंब पोपटी मागायला आलं. वेबसाइटवरून छापून आणलेला कागद नाचवत म्हणे, "यात महिना कुठे लिहिलाय?" काशीबाईने कपाळावर हात मारला. पुंडलिकने त्यांना कैरीचं पन्हं पाजून गोडीत परत पाठवलं आणि ती गोष्ट आठवडाभर पारावर रंगवून सांगितली. वेबसाइटवरचा मजकूर मात्र तसाच राहिला.

नव्व्याण्णवच्या श्रावणात उधाणाच्या भरतीने बांध फोडला. खांड पडली, म्हणजे बांधाला भगदाडच. हाक गेली तशी घराघरातून माणसं धावली. ओहोटीत चिखल, दगड, पेंढा टाकून आम्ही खांड बुजवली. तळं थोडक्यात वाचलं. जनू हा आमच्यातला जुना जाणता. त्याने त्या ओल्या जागेवर उभं राहून सगळ्यांना बजावलं, "दोन पावसाळं ही माती बसायला पायजे. माणूस चालंल. गाडी यावरनं जायची नाय. बैलगाडी पण नाय." मग पुंडलिककडे वळून म्हणाला, "तुझ्या त्या कम्प्युटरवर लिव्ह तसं."

"लिवतो," पुंडलिक म्हणाला.

नाही लिहिलं. निकेशने दोनदा फोन केला, काका, काय लिहायचं ते सांगा, मी मित्राकडून करून घेतो. पुंडलिक म्हणायचा, दिवाळी होऊ दे. मग म्हणायचा, पोपटीचा हंगाम जाऊ दे. गाडी बांधाच्या तोंडाशी ठेवून चिखलातून चालत या असं लिहिलं तर मुंबईचा माणूस कशाला येईल, ही त्याची भीती. मला त्याची भीती कळत होती आणि रागही येत होता. बांधाच्या तोंडाशी त्याने एक बांबू आडवा बांधला, त्याला काशीबाईच्या जुन्या लुगड्याची लाल पट्टी लावली, आणि त्याला वाटलं काम झालं.

गाड्या येतच राहिल्या. शनिवार उजाडला की काशीबाईचे कान रस्त्याकडे. हॉर्न वाजला की भाकरी तव्यावर टाकून ती किंवा तो पळत सुटायचा. पाहुणे काचा खाली करून भांडायचे, "इथे तर लिहिलंय!" एकदा एका गाडीचं पुढचं चाक खांडीच्या कडेपर्यंत गेलंच. मातीला भेग पडली. पुंडलिकने ती एकट्याने बुजवली आणि गावात चकार शब्द काढला नाही. काशीबाईने हे मला फार नंतर सांगितलं. त्या दिवशी ती त्याला म्हणाली होती, "बांबू काय करतो? तो कागद बदला आधी."

"बदलतो गो. मी हाय ना इथं."

मार्गशीर्षातली पौर्णिमा आली, दत्तजयंती. यंदाचा चंद्र कित्येक वर्षांत दिसला नाही इतका मोठा असेल, असं पेपरात आलं होतं. जनू म्हणाला, मग पाणी पण तसंच येईल. सकाळी आम्ही फेरी केली, बिळं बुजवली. बांध ठीक होता. मग सगळे पुरुष देवळात गेले, पुंडलिकही. महाप्रसादाची पंगत बसली होती. डोक्यावर ऊन आणि खाडी काठोकाठ भरलेली, इतकी की बांधाच्या दोन्ही अंगांना पाण्याची आणि शेताची उंची वेगळी दिसत होती. बाहेरचं पाणी वर, आतलं शेत खाली. वारा अगदी पडला होता.

मोठी पांढरी गाडी आली. आत नवरा-बायको, दोन मुलं. नवऱ्याने उतरून बांबू बाजूला केला. काशीबाई पलीकडून ओरडत धावली, "दादा, थांबा! फुडं नको!" त्याला वाटलं बाई स्वागताला येते आहे. त्याने खिडकीतून कागद हलवून दाखवला. वाईट माणूस नव्हता तो. लिहिल्याप्रमाणे वागत होता, एवढंच.

खांडीवर मागची चाकं रुतली. तो घाबरून गाडी रेटत राहिला आणि चाकं माती उकरत राहिली. काशीबाईने मुलांना खेचून बाहेर काढलं, मग बाईला, मग त्याला. चौघे वाचले, हे तिचे उपकार. ते बांधावर उभे असताना चाकाखालून आतल्या बाजूला पाणी यायला लागलं. आधी चहा ओतावा तितकी बारीक धार. काशीबाईने तिथे आपला पदर कोंबला. तिने हाताने चिखल लावला, त्यावर ती स्वतः बसली. मग तिच्या बाजूने माती सुटली, ती कशीबशी बाजूला झाली आणि गाडीसकट बांध आत कोसळला.

आम्ही हातातला प्रसाद तसाच टाकून पळालो. पण भरती पुरी चढलेली, ओहोटी लागेपर्यंत देवाच्या बापालाही काही करता आलं नसतं. आम्ही नुसते उभे राहिलो आणि पाणी खाचरामागून खाचर ओलांडत तळ्याकडे जाताना बघत राहिलो. तळ्याच्या काठी गावातली सीताबाई हंडा घेऊन आली होती. पाणी मिसळून शांत झालं तेव्हा तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "खारट," एवढंच म्हणाली. जून उजाडायला अजून अर्धं वर्ष होतं.

ओहोटीत खांड पुन्हा बुजवली. सगळ्यात जास्त चिखल पुंडलिकने वाहिला. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. मला वाटतं, कुणीतरी कानाखाली मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. निकेशने त्याच आठवड्यात वेबसाइट बदलून घेतली. दोन ओळींचं काम, चहा निवायच्या आत झालं म्हणे. गावातल्या बायका तोवर हंडे घेऊन टँकरच्या वाटेवर उभ्या राहायला लागल्या होत्या. काशीबाई रांगेत आली की आपसांतलं बोलणं थांबायचं, पण तिचा नंबर कुणी मागे सारला नाही.

पुढच्या अमावास्येला फेरी निघाली. घरोघर हाक मारत आम्ही चाललो होतो. बांधाच्या टोकाला पोचून पुंडलिकच्या दारावरून परत फिरताना कुणी हाक मारली नाही. मीही नाही. तो फावडं घेऊन तयारच उभा होता. आमच्या मागून चालू लागला. बरंच अंतर गेल्यावर जनू थांबला आणि वळला. आवाज चढवला नाही त्याने, रागही दिसला नाही.

"पुंडलिक, तू घरी बस," तो म्हणाला. "तुझं पावणं येतील."