शेवटच्या पानावरचं कच्चं काम

गणिताच्या पेपरात मी नापास झाले तेव्हा घरी सांगितलं, पेपर कठीण होता. ते खरं नव्हतं. आदल्या दिवशी सोडवलेली गणितं पेपर हातात पडताच पुसून गेली होती. दुसरी पायरी लिहीपर्यंत पहिली डोक्यातून गेलेली असायची. वेळ संपल्यावर, जिना उतरताना, सगळं परत आठवलं.

आमच्या घरात पदवीपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून मी मुंबईला आले ती लालबागच्या आत्याच्या एका खोलीच्या भरवशावर. बाबा फोनवर म्हणाले, "फेरपरीक्षेत पण पेपर राहिला तर न्यायला येतो. शिकलीस तेवढं पुष्कळ झालं."

आत्या मसाल्याच्या गिरणीत मसाले भाजायची. एप्रिलमध्ये तिथे बायकांची रांग लागते. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीची नजर आत्याच्या हातावर. फेरपरीक्षेच्या चार दिवस आधी मी तिला डबा द्यायला गेले. तिच्यापुढे चार पराती होत्या आणि प्रत्येक परातीच्या काठावर काहीतरी मांडलेलं. एकीवर लवंग, एकीवर दालचिनीचा तुकडा.

"हे कशाला गं?"

"भाजायचं राहिलंय ते काठावर. भाजलं की आत ढकलायचं."

"तुला तर सगळं पाठ आहे."

"पाठ आहे गो. पण ह्या काकी मघापासून विचारतायत, धणे जळले काय, धणे जळले काय. अर्धं डोकं ह्यांच्यातच जातं. मग लवंग कोणी लक्षात ठेवायची?"

"ते राहू दे. जळले काय ते सांग," काकी म्हणाल्या. सगळी रांग हसली.

मी विचारात एवढी गुंतले की डबा तसाच परत घेऊन घरी आले.

दादरच्या केंद्रावर पेपर मिळाला. मी उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान उघडलं आणि डोक्यात होतं ते सगळं तिथे उतरवलं. आठवतील ती सूत्रं, आणि त्यांच्या मध्येच एक वाक्य : राहिला तर बाबा न्यायला येतील, मला जायचं नाही.

"परीक्षकांना विनंती लिहितेस?" मागे पर्यवेक्षक बाई उभ्या होत्या. "कॉपीच्या केससारखं धरतात हे. पेपर रद्द होईल."

"विनंती नाही, बाई. हे डोक्यात असलं की गणित डोक्यात राहत नाही."

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वर 'कच्चं काम' लिही. आणि त्या वाक्यावर रेघ मार. नीट, वाचता येणार नाही अशी."

मी रेघ मारली. मग पहिलं पान उघडलं. दुसऱ्या पायरीला पोचले तेव्हा पहिली जागेवर होती.

पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर वाचलं, की हातातल्या गणिताचे आकडे धरून ठेवायला मेंदूत जागा मर्यादित असते, आणि धास्ती नेमकी तीच अडवते. वाचताना मला त्या चार पराती दिसत होत्या. त्या पर्यवेक्षक बाई मात्र पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

निकाल लागला त्या दिवशी आत्याने तिखटाच्या हातानेच माझा फोन घेतला.

"दादा, पोरगी पास झाली. आता न्यायला नको, नुसता भेटायला ये."

पलीकडून बाबांनी विचारलं, "तिला काय आणू?"