मोठ्या डॉक्टरांचं भाषण

पुरावा मागितल्याशिवाय ज्यानं आयुष्यात चहाचा घोटसुद्धा घेतला नाही असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे जव्हारचे आमचे मोठे डॉक्टर. बायकोनं चहात आलं घातलंय म्हटलं, की हे डोळे मिटून बसणार, दोन कप समोर ठेवायला लावणार, आणि आल्याचा ओळखता आला नाही तर वर तिलाच म्हणणार, "मग आलं कशाला वाया घालवतेस?" त्या माउलीनं संसार कसा केला देव जाणे! एकदा खोडाळ्याच्या बाजारात सांधेदुखीवर मुळी विकणाऱ्यासमोर चक्क उकिडवे बसले. "बरे झाले त्यांचं सांगितलंस, न झालेले कुठायत?" तो बापडा म्हणाला, "सायब, बरा नाय झाला तो परत कशाला यील?" डॉक्टर एवढे खूश झाले की मुळी विकत घेतली आणि पुढे वर्षभर प्रत्येक भाषणात हा किस्सा सांगितला.

भाषण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रांवरचे आम्ही सगळे तरुण डॉक्टर महिन्याला मीटिंगला जमायचो. मोठे डॉक्टर कागदपत्रं भराभर उरकायचे आणि उभे राहायचे. हे औषध का देता, कुणी तपासून पाहिलं, तुलना कशाशी केली, असा सगळा विषय. नव्वदच्या दशकात तो आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलाच नव्हता. वीज गेली की आवाज चढायचा. पोट दुखेपर्यंत हसवायचे. चहावाला किटली हातात घेऊन दारात ऐकत उभा, आणि चहाचं पार पाणी.

माझी जीभ आधीच जरा तिखट. एका मीटिंगला मी उभी राहिले, "सर, तुमचं भाषण ऐकून आम्ही सुधारतो, हे कशावरून?" शेजारच्यानं माझ्या पायावर पाय दिला. पण डॉक्टरांचा चेहरा असा खुलला, की वाटलं आता पेढे मागवतात. "अहो बाई, हे मला का सुचलं नाही?"

तिथल्या तिथे चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना भाषण, निम्म्यांच्या ओपीडीत हे स्वतः येऊन बसणार. मी दुसऱ्या गटात. मग काय विचारता! पोशेऱ्याकडची एखादी आजी हटून बसायची, "सुई दे ना बाय, गोळीनं काय व्हते?" माझा हात सवयीनं सिरिंजकडे जायचा आणि मागच्या स्टुलावरून आवाज यायचा, "कशावरून?" असा राग यायचा! यांना घरदार नाही का, असं वाटायचं. पण हळूहळू हात आपला आपण थांबू लागला, आणि त्या आजीशी दोन शब्द बोलायलाही सुचू लागलं.

पावसाळा सरल्यावर त्यांनी दोन्ही गटांचे केसपेपर तपासले आणि निकाल स्वतःच उभं राहून सांगितला. आमच्या गटाच्या नको त्या सुया कमी झाल्या होत्या. भाषणवाल्यांना किस्से तोंडपाठ होते, पण सुया तेवढ्याच. "माझं औषध लागू पडत नाही. बंद," एवढं बोलून ते खाली बसले. कुणीच हसलं नाही. मला तर रडूच आलं.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. पुढची सगळी वर्षं खडखडत्या जीपमधून साखरशेतकडे, मोखाड्याकडे, जिथे नवा डॉक्टर येईल तिथे जाऊन त्याच्यामागे स्टुलावर बसले. बोलायची एवढी हौस असलेला माणूस, पण तोंडातून एकच शब्द, "कशावरून?" आज मी बरी डॉक्टर असेन, तर त्यांच्यामुळे आहे. हे उपकार फिटायचे नाहीत.

ते निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही सगळे मागे लागलो, "सर, बोला ना." ते म्हणाले, "उपयोग नाही. तपासून झालंय आपलं."

मी म्हटलं, "सर, आज आम्हाला सुधारायचं नाहीये. नुसतं ऐकायचंय."

त्यांनी चष्मा पुसला आणि उभे राहिले. जेवणं गार झाली, ऊन उतरलं, ते बोलतच होते. आमच्यात त्यानं काडीचा फरक पडला नसेल. शेवटी ते थांबले, तरी कितीतरी वेळ कुणी टाळी वाजवेना. टाळी वाजली असती, तर भाषण संपलं असतं.