आमियाँचा पुदिना

पप्पांना ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आणून तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि ते अजून पाहुण्यासारखेच राहत होते. आई गेल्यावर वसईच्या घरी ते एकटे उरले. न्हाणीत दोनदा पडले. दुसऱ्यांदा तर शेजाऱ्यांना दुपारी कळलं. मी एकुलती एक, इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. त्यांना मी जवळजवळ उचलूनच आणलं. घरामागे लाल मातीची एवढी मोठी मोकळी जागा आहे, पण जन्मभर वाडी केलेला हा माणूस त्या मातीला बोट लावायला तयार नव्हता. “दुसऱ्याच्या जागेत कशाला हात घालायचा, बाय?” म्हणायचे. माझा संताप व्हायचा. दुसऱ्याची म्हणजे माझीच ना!

एके सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “मला परत नेऊन सोड.” मी म्हटलं, माझी रजा मंजूर झालीये, आधी फ्रान्स बघून येऊ, मग तुम्ही म्हणाल तसं. खोटं कशाला बोलू, मी वेळ मारून नेत होते. तिकडे एकटं राहून ते तिसऱ्यांदा पडतील, या विचाराने मला झोप लागत नव्हती.

पॅरिसची गर्दी त्यांना झेपली नसती, म्हणून आमियाँ. पॅरिसहून ट्रेनने तासाभरावर, जुनं शहर, मधून नदी, आणि मधोमध अवाढव्य कॅथेड्रल. कुठे काय बघायचं ते मी घरूनच ठरवून निघाले होते. माझा स्वभावच तसा आहे. सहलीलाही मी ड्यूटीसारखीच जाते.

कॅथेड्रलमध्ये मान मोडेपर्यंत वर बघितलं. तिथे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा म्हणून एक चेहऱ्याचा सांगाडा काचेत ठेवलाय. पप्पांनी क्रूसाची खूण केली, डोळे मिटून उभे राहिले, आणि मग मला हळूच विचारलं, “बाकीचं डोकं कुठंय?” मला ते ठाऊक नव्हतं. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या फरशांचा मोठा चक्रव्यूह आहे. मी म्हटलं, चला, चालून बघू. अर्ध्यातच ते थांबले. “वाट एकच आहे. चुकायची सोयच नाही, मग चालायचं कशाला?” पुढे तो प्रसिद्ध रडणारा देवदूत, एवढासा. पहिल्या महायुद्धात सैनिक त्याचीच पोस्टकार्डं घरी पाठवायचे, हे मी भक्तिभावाने वाचून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. पप्पा बाकावर बसून बूट सैल करत होते.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने शहराबाहेरच्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या स्मारकाला गेलो. टेकाडावर उंच मनोरा, भिंतींवर ओळीने नावं, भोवती शेतं. जवळच्या गावातल्या शाळेत ‘ऑस्ट्रेलियाला विसरू नका’ असा मोठा इंग्रजी फलक आहे. पप्पा भिंतीजवळ बराच वेळ थांबले. “एवढ्या लांब आली पोरं,” ते म्हणाले, “आणि इथल्याच मातीत राहिली.” मी त्यांनाही असंच लांबच्या मातीत ठेवायला निघाले होते, आणि तेही त्यांच्या मनाविरुद्ध.

शेवटच्या दिवशी पाण्यावरच्या बागा बघायच्या राहिल्या होत्या. नदीकाठी दलदलीत पाट खणलेत आणि मधल्या जमिनीच्या तुकड्यांवर भाजी-फुलं लावतात. लांबट, चपट्या होडीतून फिरवतात. मला वाटलं होतं, तासभर डुलकी काढतील. पण होडी सुटली आणि पप्पा ताठ बसले.

“पाटातला गाळ काढून वाफ्यावर घालतात ना? विचार त्याला.” होडीवाल्याला विचारलं, तो हो म्हणाला. “उन्हाळ्यात पाणी किती उतरतं? कोबीला कीड पडते का?” मी विचारून विचारून दमले. दीड वर्षात ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. एका वळणावर होडी काठाला घासून गेली, तेव्हा ते इतके वाकले की होडीवाला ओरडला. मीही ओरडले.

परतीच्या विमानात त्यांनी एअर होस्टेसकडे दोनदा पाणी मागून रुमाल भिजवला. उकडत असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

ब्रिस्बेनला सामानापाशी तपासणीचा कुत्रा फिरत आला आणि पप्पांच्या खांद्यावरच्या पिशवीसमोर बसला. हलेचना. पप्पांनी स्वतःच पिशवीतून ओला रुमाल काढून काउंटरवर उलगडला. आत पुदिन्याच्या चार काड्या, मुळांसकट.

“पप्पा, पुदिना? अख्ख्या फ्रान्समधून पुदिना? आपल्या सुपरमार्केटात ढिगाने मिळतो!”

“तो विकतचा,” ते शांतपणे म्हणाले. “चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं.”

हे वसईत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वाडीतली निम्मी फुलझाडं आईने अशीच दुसऱ्यांच्या कुंपणातून आणलेली. पण ते कस्टम्सला कसं समजावणार? मी इंग्रजीत माफी मागायला लागले, वय झालंय, बाहेरून रोप आणायला बंदी आहे हे माहीत नव्हतं, वगैरे. ऑफिसरने मला हातानेच थांबवलं आणि पप्पांनाच विचारलं, “व्हेअर वर यू गोइंग टू प्लांट दिस, मेट?”

पप्पांनी इंग्रजी जुळवलं. “माय हाउस,” ते म्हणाले. “टूवूंबा. बिहाइंड किचन.”

मला तिथेच रडू फुटलं. ऑफिसरला वाटलं, दंडाला घाबरले. त्याने ताकीद देऊन सोडलं आणि रुमालासकट पुदिना पिवळ्या डब्यात टाकला. पप्पा त्या डब्याकडे बघत राहिले.

गाडी हायवेला लागल्यावर मी म्हटलं, “तुमच्या वसईच्या तिकिटाचं...”

“ते राहू दे,” ते म्हणाले. “आधी सांग, तुमच्याकडे...” मग थांबले, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आपल्याकडे कुदळ आहे का?”

नव्हती. घरी पोचायच्या आधी घेतली.